खऱ्या मागणीची भानगड

समतोलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण संरक्षण मंत्रालयाच्या वित्त विभागात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. त्यांच्या प्रत्येक टिपणात 'सर्व बाजूंचा समतोल साधून' हे शब्द यायचेच, मग विषय रणगाड्यांचा असो की कँटीनमधल्या खुर्च्यांचा. लोक चेष्टेने हाक मारायचे आणि हे अभिमानाने ओ द्यायचे.

त्यांच्या विभागाचं काम ऐकायला सोपं होतं. सरकार दरवर्षी देशाच्या संरक्षणासाठी एक मोठी रक्कम बाजूला काढायचं आणि या विभागाने ती भूदल, नौदल आणि हवाईदल या तिघांत वाटून द्यायची. तीन भावांत जमीन वाटणं यापेक्षा बरं, कारण त्या भावांकडे निदान तोफा तरी नसतात.

वाटपाची रीत ठरलेली होती. प्रत्येक दल आपल्याला लागतं त्याच्या तिप्पट मागायचं. मागणीचं पाकीट आधी अधीक्षक बाईंच्या टेबलावर जायचं. या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणत. कात्रीबाई पाकीट फोडायच्या, शेवटच्या पानावरचा आकडा बघायच्या, त्याला तीनने भागायच्या आणि मगच कागद पुढे सरकवायच्या. आतली पानं वाचायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. या भागाकाराला 'प्राथमिक छाननी' असं भारदस्त नाव होतं. मागणारे खूश, कापणारे खूश, आणि देश आपला जागच्या जागी. समतोलराव मात्र आतून धुमसत असायचे. कारण त्या तिपटीच्या पानांवर सही करणारे देशाचे सेनापती होते, छातीवर पदकं लावणारे, आणि ते दरवर्षी सरकारी कागदावर शुद्ध थाप मारायचे. नवीन ट्रक हवा तर लिहायचे तीन. का? तर दोन कापले जातील म्हणून! समतोलरावांना याची चीड यायची. इतकी, की झोपेत दात खाऊन खाऊन त्यांची एक दाढ दुखायला लागली होती.

त्या वर्षी नव्या मंत्र्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"काळ बदललाय," मंत्री म्हणाले. "कुणाला किती द्यायचं याचा नव्याने विचार झाला पाहिजे. जमीन, पाणी, आकाश, तिन्हीचा समतोल. हा शब्द तुम्हीच फार वापरता म्हणे?"

"वापरतो," समतोलराव म्हणाले.

"मग आता करून दाखवा."

एवढ्या वर्षांत त्यांना 'करून दाखवा' असं कुणी म्हटलं नव्हतं. 'बघून सांगा' म्हणायचे, 'तूर्त ठेवून द्या' म्हणायचे. समतोलराव तरंगतच घरी आले आणि बूट न काढता बायकोला म्हणाले, "अगं, या वर्षी मी खरी मागणी मागवणार. जेवढं लागतं तेवढंच मागा, आम्ही एक पैसा कापणार नाही. बस्स!"

"आधी बूट काढा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही जमायचं."

"का नाही?"

"कारण तुम्ही कापणार. कापायची सवय लागलेला माणूस कापतोच. बरं, बघा. या महिन्यात घरखर्चाला किती लागतील, खरं खरं सांगू?" आणि तिने एक आकडा सांगितला.

समतोलरावांच्या तोंडून आपसूक निघालं, "थोडं कमी नाही का होणार?"

तिने फक्त गॅस बारीक केला. समतोलराव म्हणाले की घरचा आणि देशाचा हिशेब वेगळा असतो, आणि तावातावाने बूट काढायला गेले.

दाढेचं दुखणं वाढलं म्हणून ते वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. आता एक गोष्ट बघा. ज्याला स्वतःच्या घराची कडी धड लावता येत नाही तोसुद्धा देशाचं संरक्षण कसं करावं हे ठामपणे सांगतो. डॉक्टरांनी समतोलरावांच्या तोंडात दोन हत्यारं आणि कापसाचा बोळा घातला, आणि मग विचारलं, "या वर्षी कुणाला जास्त देणार?"

"आँ," समतोलराव म्हणाले.

"हवाईदलाला द्या. मी काय करतो? वरून लाइट मारतो, कीड कुठे आहे ते बघतो, आणि थेट तिथेच. उगाच आजूबाजूला मारामारी नाही. पटतंय ना?"

"आँ आँ," समतोलराव रागाने म्हणाले. याचा अर्थ 'अजिबात नाही' असा होता. डॉक्टरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून इमारतीत सांगायला सुरुवात केली की वित्त विभागाचा कल हवाईदलाकडे आहे. ती बातमी कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत गेली. तो भूदलाचे गणवेश शिवायचा. त्याने समतोलरावांची पँट मुद्दाम तोकडी केली आणि वर म्हणाला, "पायदळाला विसरलं की असंच होतं, साहेब." त्या तोकड्या पँटमध्येच समतोलरावांनी परिपत्रक काढलं. 'तिन्ही दलांनी या वर्षी आपली प्रत्यक्ष गरज तेवढीच कळवावी. कोणतीही कपात केली जाणार नाही.'

परिपत्रक गेलं आणि फोन सुरू झाले. पहिला भूदलाच्या जनरलसाहेबांचा.

"प्रत्यक्ष गरज म्हणजे किती पट?" त्यांनी विचारलं.

"पट नाही, साहेब. एकपट. जेवढं लागतं तेवढंच."

पलीकडे दार बंद केल्याचा आवाज आला. मग जनरल हळूच म्हणाले, "हवाईदलाला काय सांगितलंय?"

"तेच."

"असं होय," जनरल म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत इतका अविश्वास होता की समतोलरावांचा कान गरम झाला. थोड्या वेळाने हवाईदलाच्या एअर मार्शलांनी फोन करून अगदी हेच प्रश्न याच क्रमाने विचारले, फक्त भूदलाबद्दल.

दोघांनीही गरज प्रत्यक्ष पाहायला बोलावलं. जनरलसाहेबांनी त्यांना रणगाड्यात बसवलं, झाकण लावलं, आणि चिखलातून असं फिरवलं की समतोलरावांना आपली हाडं स्वतंत्रपणे मोजता आली असती. बाहेर यायच्या वेळी झाकण अडकलं. झाकण उघडेपर्यंत जनरल बाहेरून ओरडून सांगत होते, "बघितलंत ना? नवीन लागतात!" हवाईदलाने त्यांना हेलिकॉप्टरमधून घिरट्या मारून आणलं. समतोलराव उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि एअर मार्शल म्हणत होते, "जुनं आहे म्हणून इतकं हलतं." समतोलरावांना ठाऊक होतं की ते मुद्दाम हलवलं होतं. एका सरकारी अधिकाऱ्याला खुळखुळ्यासारखं हलवायचं, आणि वर ते देशाच्या गरजेत मोजायचं! रागाने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

राहिलं नौदल. त्याच्या अ‍ॅडमिरलचा फोन आला नव्हता, म्हणून समतोलराव आपणहून बंदरावर गेले. अ‍ॅडमिरल उंच, सावळे आणि मितभाषी होते. त्यांनी चहा दिला आणि गस्तीच्या जुन्या जहाजावर नेलं. तिथे कुणी समतोलरावांना हलवलं नाही. खालच्या भागात गेल्यावर त्यांच्या बुटांत आपोआपच पाणी शिरलं. एक खलाशी बादलीने पाणी उपसत होता. साहेब आले म्हणून तो थांबला नाही, कारण थांबून चालण्यासारखं नव्हतं.

"पंप?" समतोलरावांनी विचारलं.

"पंप आहे. तो पलीकडच्या जहाजावर लावलाय, त्याची हालत याहून वाईट आहे." अ‍ॅडमिरल पुढे म्हणाले, "यांच्यावर पोरं असतात, साहेब. वादळ आलं की मी त्यांना परत बोलावतो. आणि जहाज दिसेपर्यंत धक्क्यावर उभा असतो."

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं परिपत्रक वाचलं. आजवर आमच्याही मागण्या तिपटीनेच जायच्या. आधीचे साहेब लिहायचे. मला या वर्षीच ही जागा मिळाली. मला तीन जहाजं लागतात. दोन नाही, चार नाही. तीनच मागू?"

"तीनच मागा," समतोलराव म्हणाले.

"तुमच्या शब्दावर?"

"माझ्या शब्दावर."

अ‍ॅडमिरलनी हात पुढे केला आणि समतोलरावांनी तो घट्ट धरला. परतीच्या वाटेवर ओल्या मोज्यांतसुद्धा त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं. देशात एक तरी माणूस खरं मागणारा निघाला, आणि तो आपल्यामुळे. बायकोला हे सांगायची त्यांना इतकी घाई झाली की जिन्यात डॉक्टर भेटले तर त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मागण्या आल्या. या वेळी पाकिटं समतोलरावांनी आधी स्वतःच फोडली. भूदलाने विचार केला होता की या परिपत्रकात नक्कीच काहीतरी खुबी आहे, हवाईदल मागणी वाढवणार, तेव्हा आपण सहापट मागावं. हवाईदलाने हाच विचार भूदलाबद्दल केला आणि सहापटच मागितलं. नौदलाच्या पाकिटात दोन पानं होती आणि शेवटी लिहिलं होतं, जहाजं तीन.

समतोलरावांनी तिन्ही पाकिटांवर लाल शाईने 'काटछाट करू नये' असं लिहिलं. भूदल आणि हवाईदल यांच्याकडे खुलासा मागायचं ठरवलं. आणि नेमकी त्याच सकाळी त्यांची दाढ अशी ठणकली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल. काढली. गाल फुगला, ताप आला, समतोलराव घरी पडून राहिले. बायको कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावत होती आणि ते उशीवर पडून मनातल्या मनात मंत्र्यांचं अभिनंदनपर भाषण रचत होते.

कामावर परत गेले तेव्हा मंत्र्यांची मंजुरी येऊनही पडली होती. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग फुगलेला गाल धरून ते कात्रीबाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, हे काय? नौदलाला एक जहाज?"

"तीन भागिले तीन, एक," कात्रीबाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

"पण मी वर लिहिलं होतं ना, काटछाट करू नये म्हणून!"

"लिहिलं होतंत. मी पाहिलं. पण त्या दोघांनी मागणी केवढी फुगवून पाठवलेली, ती कापायला नको? आणि त्यांचं कापायचं, नौदलाचं नाही कापायचं, याला समतोल म्हणतात का?" बाई अगदी मनापासून बोलत होत्या. "तुमचाच शब्द, साहेब. तुम्ही आजारी. म्हटलं तुमच्या मनासारखं करून ठेवावं."

समतोलरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली, पण दाढेच्या जागी टाका असल्याने शब्द नीट फुटेनात, आणि बाईंना वाटलं साहेबांना दुखतंय. त्यांनी ड्रॉवरमधून गोळी काढून दिली.

सहापटीला तीनने भागून भूदल आणि हवाईदलाला गरजेच्या दुप्पट मिळालं होतं. नौदलाच्या वाट्याचं गेलं ते आणि वर्षाची राखीव रक्कम, सगळं या दोघांत जिरलं. एकूण बेरीज मात्र चोख बसली होती आणि मंत्र्यांनी शेवटी शेरा मारला होता, 'उत्तम समतोल.'

समतोलराव जनरलकडे गेले. जास्तीचं परत द्यावं, अशी विनंती केली.

"परत?" जनरल उभेच राहिले. "भूदल एकदा घेतलेली जागा सोडत नसतं."

एअर मार्शलांनी नुसतं आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, भूदलाने परत दिलं की आम्हीही देऊ. देशाचं रक्षण करणारी दोन माणसं, आणि पैसा परत द्यायची वेळ आली की दोघंही पोरकट! समतोलराव तडक मंत्र्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. परिपत्रक, दिलेला शब्द, बुडायला आलेली जहाजं, बादली.

मंत्र्यांनी शांतपणे ऐकलं. "वाईट झालं," ते म्हणाले. "पण छाननी झालेल्या आकड्याला मी हात लावला तर उद्या सगळे आकडे घेऊन दारात उभे राहतील. नौदलाने सुधारित मागणी द्यावी. तिची रीतसर छाननी होईल आणि बाकी दोघांचं तेवढं कमी होईल."

"म्हणजे पुन्हा तीनने भागणार?"

"छाननी म्हटल्यावर भागणारच. तुम्ही हुशार आहात, समतोलराव. तीन हवीत तर किती मागायची, हे मी तुम्हाला सांगायचं?"

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. वाटलं, ही आता म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? ती म्हणाली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

"जाऊ नका तुम्ही," ती म्हणाली. "त्या माणसाला असलं सांगायला नका जाऊ."

"नाही गेलो तर पोरं त्याच जहाजावर जाणार. बादली घेऊन!" समतोलराव ओरडले. त्यांना कुणावर ओरडावं हे कळत नव्हतं, आणि समोर तीच होती.

बंदरावरच्या खोलीत अ‍ॅडमिरलनी पुन्हा चहा मागवला. मंजुरीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, पण त्यांनी तो विषय काढला नाही. तो समतोलरावांनाच काढावा लागला.

"सुधारित मागणी द्या," ते म्हणाले. "नऊ जहाजं."

"मला तीन लागतात."

"माहितीय. नऊ मागा, म्हणजे तीन मिळतील."

अ‍ॅडमिरल चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे सहा खोटी लिहायची?"

"हो."

"तुमच्या शब्दावर मी तीन लिहिली होती."

"हो," समतोलराव म्हणाले. त्यांना इतकी लाज वाटली की टाक्याचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. "आणि आता माझ्याच शब्दावर नऊ लिहा."

अ‍ॅडमिरलनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि तसंच हातात धरून बसले. "मला कारणं सुचत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "सहा जहाजं कशाला लागतात? मला खरंच माहीत नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो."

मग समतोलराव सांगू लागले. सुरुवातीला अडखळले. चौथ्या जहाजाला उत्तरेच्या किनाऱ्यावर वाढती रहदारी दाखवली. पाचव्याला दक्षिणेचा खडकाळ भाग. सहाव्यापासून जीभ सैल झाली. एवढी वर्षं असली पानं वाचण्यात गेली होती, ती सगळी आता कामाला आली. आठव्या जहाजाच्या वेळी ते खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालत होते. नवव्यासाठी त्यांनी असं काही संकट उभं केलं की स्वतः अ‍ॅडमिरलनी लिहिता लिहिता दचकून वर बघितलं.

"हे खरं आहे?"

"नाही हो!"

"पण वाचताना खरं वाटतं," अ‍ॅडमिरल म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात आदर आला. समतोलराव मटकन खाली बसले.

मागणी गेली. कात्रीबाईंनी नवाला तीनने भागलं. नौदलाला तीन जहाजं मिळाली, जनरल आणि एअर मार्शल यांनी एकमेकांवर ठपका ठेवला, आणि मंत्री समतोलरावांना भर बैठकीत म्हणाले की नौदलाचं हे निवेदन म्हणजे वास्तवाला धरून कसं लिहावं याचा नमुना आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समतोलरावांनीही वाजवल्या, काय करतात.

जहाजं पाण्यात उतरली तेव्हा अ‍ॅडमिरलनी त्यांना बोलावलं. खालच्या भागात एक थेंब पाणी नव्हतं. समतोलराव कोरड्या बुटांनी उभे होते आणि त्यांना आनंद झाला, खरोखर झाला. काहीही असो, पोरं आता या जहाजांवर जाणार होती. एवढ्यासाठी आपण थोडंफार खोटं बोललो तर बोललो, असं त्यांनी मनाला समजावलं आणि मनाने ते बऱ्यापैकी ऐकलंही.

काही दिवसांनी बंदरावरून एक साधी मागणी आली. दोरखंड आणि गंज धरू नये म्हणून लावायचा रंग. एवढ्याशा गोष्टीला चांगली सात पानं. समतोलरावांनी वाचायला घेतली. खारी हवा, बदलते वारे, जुन्या दोरांमुळे उद्भवू शकणारे प्रसंग, सगळं होतं, आणि भाषा अशी वळणदार की कुठे बोट ठेवायला जागा नाही. यातलं एकही वाक्य समतोलरावांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला.

"मिळालं का?" अ‍ॅडमिरलचा आवाज मोकळा आणि प्रसन्न होता. "कसं वाटलं? या वेळी मी एकट्याने लिहिलं."

"छान झालंय," समतोलराव म्हणाले. "अ‍ॅडमिरलसाहेब, हे आपल्या दोघांतच राहील. नुसतं मला सांगा. दोरखंड खरे किती लागतात?"

पलीकडून हसू आलं. चांगलं, मैत्रीचं हसू होतं ते.

"नाही साहेब," अ‍ॅडमिरल म्हणाले. "ते आता मी कुणाला सांगत नाही."

फोन ठेवून समतोलरावांनी ती पानं पुढ्यात ओढली. मग कात्रीबाईंना त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच आकड्याला तीनने भागलं आणि खाली सही केली.